शिडाची शर्यत: होडी आधी, पण माणसं त्याहून आधी

शर्यत दिवाळीनंतर असली तरी नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला दिला की कामाला लागा. पावसाळाभर शाकारून ठेवलेली लाकडी होडी सुकते, फळ्यांच्या सांध्यांत फटी पडतात. तेलात भिजवलेला कापूस त्यांत ठासा आणि होडी दोन दिवस पाण्यात राहू द्या. लाकूड फुगलं की बारीक फटी आपसूक मिटतात. शर्यतीच्या आदल्या ओहोटीला होडी कलती करून तळ खरवडा, मग डोळे मिटून तळहात फिरवा. एकही शिंपला हाताला लागता कामा नये.

शीड उन्हासमोर धरा. जिथून उजेड टोचतो तिथे शिवण गेलेली आहे. परमाणाला, म्हणजे शिडाच्या वाशाला, शीड बांधलेल्या दोऱ्या एकेक ओढून बघा, कप्पीला तेल द्या, सुकाणूच्या बिजागऱ्या हलतात का ते पाहा. नवा नायलॉनचा दोर शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा चढवू नका. तो ताणला जातो आणि शीड ढिलं पडतं. आणि दामण, म्हणजे शीड ताणून धरायची दोरी, कधीही निरगाठ मारून बांधू नका. हातात धरा, नाहीतर सुरगाठ. झोत आला की क्षणात सोडता आली पाहिजे, नाहीतर होडी उलटते.

होडीचं एवढं सगळे करतात. राहून जाते ती माणसांची तयारी, आणि माझ्या मते शर्यत हरतो ती वळणावर. म्हणून पाच जणांची कामं आधीच ठरवा: सुकाणू एकाकडे, दामण एकाकडे, परमाण फिरवायला दोघं, पाणी उपसायला आणि तोल सांभाळायला एक. हुकूम फक्त तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा. ‘तयार?’ म्हटल्यावर प्रत्येकाने ओ द्यायची, मगच सुकाणू फिरवायचं. होडी वळताना सगळे एकदम उठले तर ती जागीच थबकते. वाकून, एकामागून एक, वाऱ्याकडच्या बाजूला सरका. हे रोज संध्याकाळी वीस वेळा करा. चार दिवसांनी कुणाला ओरडावं लागत नाही.

भरती-ओहोटीचं गणित घरूनच करून निघा. आपल्याकडचा जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, द्वादशीला नऊच्या. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर धरा. हे मी पोळून शिकलो आहे. एका वर्षी ओहोटी पाठीशी होती आणि आम्ही सुरुवातीच्या रेषेजवळ निवांत उभे होतो. निशाण पडायच्या आतच होडी रेषेपलीकडे वाहत गेली. मागे फिरून पुन्हा रेषा ओलांडेपर्यंत सगळे पुढे निघून गेले होते. त्यामुळे ओहोटीत रेषेच्या मागे, वरच्या अंगाला थांबा. दुपारचा खारा वारा आत येतो आणि ओहोटीचं पाणी बाहेर जातं, तेव्हा खाडीच्या मुखाशी लाटा उभ्या राहतात. तिथे होडीत कुणी उभं राहायचं नाही.

सुरुवातीची खूण आयोजकांकडून नीट समजून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांत पाच मिनिटं आधी पहिला इशारा होतो, मग चार मिनिटांचा, एक मिनिटाचा, आणि शेवटी सुटका. समोरासमोर आलात तर उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची. हे पाचही जणांना तोंडपाठ हवं.

लाइफ जॅकेट आदल्या दिवशीच प्रत्येकाच्या अंगावर चढवून पट्टे आवळून बघा. ज्याला पोहता येत नाही त्याला होडीत घेऊ नका, तो कितीही जवळचा असला तरी. इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा) लाटांचा इशारा पहाटे पुन्हा बघा. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा 1554 साठवलेला. पाण्याच्या बाटल्या, उपसायला कापलेला कॅन, एक सुरी आणि दोन वल्ही. सकाळी पोटभर पेज खा, तळलेलं नको. किनाऱ्यावर कोण थांबणार ते नाव ठरवा आणि आपण किती वाजता परतणार ते त्याला सांगून मगच होडी पाण्यात ढकला.