"ही जमीन तुझीच" असं वडील म्हणत असतील तर ते असतानाच कागद करा

गावी राहून शेती कसणाऱ्या मुलाला वडील वर्षानुवर्षं सांगतात, "मळा तुझाच." त्यांच्या पश्चात मात्र सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागतात आणि भांडण सुरू होतं. वडील धडधाकट असतानाच हे उरका:

१. सातबारा आणि जुने फेरफार काढा. जमीन स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, हे आधी पक्कं करा.

२. स्वकष्टार्जित असेल तर वडिलांनी मृत्युपत्र करावं. वडिलांच्या सहीबरोबर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार वाटा न मिळणारे आणि वडिलांपेक्षा तरुण असावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे ती करून घ्याच. नुसतं "मळा धाकट्याला" लिहून भागत नाही. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. विहिरीत कोणाचा किती हिस्सा, पाण्याची पाळी, बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट, बांधावरचे आंबे, सोसायटीचं कर्ज कोण फेडणार, हेही लिहा. माझ्या मते खरी भांडणं इथेच पेटतात.

३. वडिलोपार्जित असेल तर सगळ्या सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज द्या.

सांभाळा एवढंच: हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. बहिणीची सही "नुसती सही कर" म्हणून घेऊ नका. हक्कसोडपत्र तिला पूर्ण वाचून दाखवा, आणि ती नाही म्हणाली तर तिचा हिस्सा मोजून द्या.