जर्मन पूर्वज शोधताय आणि वडिलांचा रकाना रिकामा आहे? आधी ही तयारी करून घ्या

माझं सासर दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियातलं, पासाऊ शहराच्या बाजूचं. मुलांसाठी वंशावळ करायला घेतली की तिथे तीन-चार पिढ्यांतच एखादी अशी बाई भेटते जिच्या बाळाच्या जन्मनोंदीत आईचं नाव आहे, दायीचं आहे, आणि वडिलांच्या जागी काहीच नाही. बहुतेक लोक तिथेच थांबतात किंवा मग थेट वडिलांच्या मागे लागतात, आणि माझं म्हणणं एवढंच की थांबू नका आणि वडिलांच्या मागेही लगेच लागू नका, आधी त्या आईचा पूर्ण माग काढा, कारण कागद सगळे तिच्या नावाने तयार झालेत.

पहिली तयारी डोक्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बव्हेरियात साधारण दर पाच मुलांमागे एक मूल लग्नाबाहेर जन्माला येत होतं, आणि ते काही लोक बिघडले होते म्हणून नाही. तिथे लग्न करायला गावाची परवानगी लागायची, जमीन किंवा धंदा किंवा बरी मिळकत दाखवायला लागायची, म्हणजे शेतावर राबणारा गडी आणि गोठ्यातली मोलकरीण यांना वर्षानुवर्षं लग्नच करता यायचं नाही, पोरं व्हायची आणि लग्न मागाहून, कधी कधी दहा वर्षांनी. १८६८ मध्ये हे नियम सैल झाले. उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमध्येही असंच, तिथे जमीनदाराने राहायला जागा द्यायला हवी तरच लग्न. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना "अनौरस" वगैरे शब्द तोंडातून काढू नका प्लीज. ती बाई त्यांची आजी असते, आणि तिने ते मूल एकटीने वाढवलेलं असतं.

मग घरातले कागद, आणि हे कॉम्प्युटर उघडायच्या आधी. जर्मन घरात लग्नाच्या वेळी मिळालेलं एक छोटं पुस्तक असतं, फामिलिएनश्टामबुख, त्यात लग्न, मुलांचे जन्म, मृत्यू सगळं शिक्क्यानिशी असतं, ते मागा. दुसरं म्हणजे आनेनपास. नाझी काळात लोकांना आपण "आर्य" आहोत हे सिद्ध करायला आजी-आजोबांपर्यंत किंवा त्याहून मागे दाखले गोळा करावे लागले, त्यातून ही पुस्तिका तयार झाली, आणि ज्या भयंकर कारणासाठी ती झाली ते विसरायचं नाहीच, पण आज ती ड्रॉवरमध्ये सापडली तर गावाची, चर्चची नावं आणि तारखा एका जागी मिळतात. फक्त त्यातली वडिलांची माहिती मूळ नोंदीशी ताडून बघितल्याशिवाय धरू नका, कारण त्या काळात अज्ञात वडील असणं जिवावर बेतू शकत होतं, आणि माणसं लपवणारच. फोटोंच्या मागची बाजू, मृत्यूच्या वेळी चर्चमध्ये वाटायची छोटी स्मरणकार्डं (बव्हेरियात कॅथलिक घरात ही हमखास असतात), सैन्याची कागदपत्रं, सगळ्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

गावाचं नाव नक्की करा. नुसतं नॉयश्टाट म्हणून काही उपयोग नाही, नॉयश्टाट डझनांनी आहेत. १९१२ च्या सुमाराचा मायर्सचा गॅझेटियर (गावांची जुनी सूची) ऑनलाइन फुकट आहे, त्यात गाव टाकलं की ते कुठल्या जिल्ह्यात होतं, नोंदणी कचेरी कुठे, पॅरिश म्हणजे चर्चचा विभाग कुठला ते कळतं. गाव सिलेशिया, पोमेरेनिया किंवा पूर्व प्रशियातलं असेल तर आजचं नाव (बहुतेक पोलिश) पण लिहून ठेवा, ब्रेस्लाऊ म्हणजे आता व्रोत्सवाफ, आणि वाचलेली रजिस्टरं काही पोलंडच्या सरकारी दफ्तरखान्यात तर काही बर्लिनमध्ये आहेत. धर्म पण आत्ताच विचारून घ्या, कॅथलिक की प्रोटेस्टंट, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावरून फुटतो. कॅथलिक रजिस्टरं बरीचशी मॅट्रिकुला या वेबसाइटवर फुकट बघता येतात, पासाऊचीही आहेत, आणि प्रोटेस्टंट आर्किऑन या वेबसाइटवर, तिथे पैसे भरून पास घ्यावा लागतो.

आता तारीख. प्रशियात (तेव्हाचं सगळ्यात मोठं जर्मन राज्य) सरकारी नोंदणी १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि अख्ख्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून, त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत (ऱ्हाईनच्या पश्चिमेला फ्रेंच अमलामुळे १७९८ च्या आसपासपासूनच सरकारी नोंदी मिळतात, तो भाग नशीबवान). नोंदणी कचेरीला म्हणतात श्टांडेसआम्ट. जन्मनोंद ११० वर्षं, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं कचेरीत राहते, नंतर ती दफ्तरखान्यात जाते आणि कुणालाही बघता येते. मुदत संपली नसेल तर थेट वंशजांना मिळते, पण नातं दाखवावं लागतं, म्हणून तुमच्यापासून किंवा नवऱ्यापासून त्या व्यक्तीपर्यंतच्या जन्मदाखल्यांची साखळी आणि पासपोर्टची कॉपी एका पीडीएफमध्ये तयार ठेवा. अर्ज सून म्हणून तुम्ही करू नका, तुम्ही वंशज नाही, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने करा, नाहीतर त्याच्या सहीचं अधिकारपत्र जोडा.

आणि इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते. नवा टाइप केलेला जन्मदाखला मागू नका, मूळ रजिस्टरच्या पानाची प्रमाणित प्रत मागा, समासातल्या नोंदींसकट, हे अर्जात स्पष्ट लिहा. सगळी गोष्ट समासातच असते. वडिलांनी नंतर येऊन मूल आपलं म्हणून कबूल केलं, आईवडिलांनी चार वर्षांनी लग्न केलं आणि मूल औरस ठरलं, किंवा आईने दुसऱ्याच माणसाशी लग्न केलं आणि त्याने मुलाला फक्त आपलं आडनाव दिलं. हा शेवटचा प्रकार १९०० पासून लागू झालेल्या जर्मन नागरी कायद्यात रीतसर होता, त्यामुळे घरात चालत आलेलं आडनाव रक्ताच्या वडिलांचं असेलच असं नाही, आणि ज्यांनी समास न वाचता त्या आडनावाच्या मागे दोनशे वर्षं मागे जाऊन झाड काढलंय त्यांचं ते झाड दुसऱ्याचंच असू शकतं.

वाचायची तयारी वेगळी करावी लागते. जुन्या नोंदी कुरंट लिपीत असतात, आपल्याकडच्या मोडीसारखंच समजा, भाषा येते पण अक्षर लागत नाही. e हा n सारखा दिसतो, u च्या डोक्यावर छोटी कमान असते. आपलं आडनाव आणि गावाचं नाव कुरंटमध्ये लिहून भिंतीला लावा, रोज बघितलं की डोळा बसतो. तारखांत 7ber दिसलं की जुलै समजू नका, तो सप्टेंबर, 8ber ऑक्टोबर, Xber डिसेंबर. लग्नाबाहेरच्या मुलासाठी उनएहेलिश, कॅथलिक वह्यांत लॅटिन इलेजितिमुस किंवा स्पुरिउस. काही पाद्री अशा बाळांच्या नोंदी वहीत उलट्या किंवा आडव्या लिहायचे, काही ठिकाणी तर वेगळ्या पानांवर, तेव्हा नाव सापडलं नाही तर वही फिरवून बघा, शेवटची पानं बघा. ते बघताना मला अजून राग येतो, आठ दिवसांचं बाळ ते.

गावात नोंदच नसेल तर जवळच्या शहरात बघा. एकट्या बायका बाळंतपणाला शहरातल्या प्रसूतिगृहात जायच्या, ग्योटिंगेनचं १७५१ मध्ये सुरू झालेलं विद्यापीठाचं प्रसूतिगृह तर मुख्यत्वे अशा बायकांवरच चालायचं, फुकट बाळंतपण आणि बदल्यात विद्यार्थ्यांसमोर तपासणी. बाप्तिस्मा मग त्या शहरातल्या चर्चमध्ये होतो आणि आई बाळ घेऊन गावी परतते.

आता वडील. पहिल्यांदा बाप्तिस्म्यातले धर्मपालक (गॉडपेरेंट्स) बघा, ते बऱ्याचदा वडिलांच्या घरातले निघतात, हा पुरावा नाही पण दिशा आहे. मग आईचं पुढच्या दहा-पंधरा वर्षांतलं लग्न शोधा, तिची बाकीची मुलं शोधा, ती कुठल्या शेतावर कामाला होती ते लिहून ठेवा. बव्हेरियात लग्नाच्या आणि वास्तव्याच्या परवानगीच्या अर्जांच्या फायली सरकारी दफ्तरखान्यात असतात, त्यात कधी कधी आधी झालेल्या मुलांचा उल्लेख असतो. आणि १९०० नंतरचं मूल असेल तर पोटगीचे कागद नक्की शोधा. तेव्हाचा कायदा असं म्हणायचा की लग्नाबाहेरचं मूल आणि त्याचा बाप एकमेकांचे नातेवाईकच नाहीत, हे कलम १९७० पर्यंत होतं, पण त्याच कायद्याने बापाला मूल १६ वर्षांचं होईपर्यंत खर्च द्यायला लावला होता, आणि पैसे मागायचे म्हणजे बापाचं नाव कागदावर यायलाच हवं. म्हणून पालकत्वाच्या फायली, त्या जिल्हा पातळीच्या कोर्टाच्या नावाखाली असतात, आणि १९२४ पासून युगेंडआम्ट म्हणजे बालकल्याण कचेरी आपोआप अशा मुलांची पालक व्हायची, त्यांच्याकडेही विचारा. पुष्कळ फायली नष्ट झाल्यात, तरी एक ईमेल करायला काय जातं.

हे सगळं आता जुनं झालं असं वाटत असेल तर जर्मन राजकारणी विली ब्रांट आठवा. १९१३ मध्ये ल्युबेकमध्ये हर्बर्ट फ्राम म्हणून जन्म, फ्राम हे आईचं आडनाव, वडील हाम्बुर्गचे, ब्रांट त्यांना कधी भेटलेच नाहीत. ऑगस्ट १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहायला लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, चॅन्सेलर (सरकारप्रमुख) आडेनाउअर यांनी भर प्रचारसभेत ब्रांट यांना, त्यांच्या जन्मावरून टोमणा मारत, "ब्रांट उर्फ फ्राम" म्हटलं. पुढे ब्रांट स्वतः चॅन्सेलर झाले, पण त्या काळात शाळेत असलेले लोक आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत, तुमच्या सासूबाई त्यातल्याच असतील, म्हणून त्या गप्प बसल्या तर ढोसू नका, चहाला बसा, फोटो दाखवा, आपोआप बोलतात.

डीएनए टेस्ट करायची तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची आधी, त्यांची इच्छा असेल तरच, आणि निकालात काय काय निघू शकतं ते नीट सांगून. जर्मनीत गुपचूप केलेली पितृत्व चाचणी बेकायदा आहे. जुळणारी माणसं बऱ्याचदा अमेरिकेतली निघतात, गावातून स्थलांतर केलेल्यांचे वंशज, त्यांचं झाड उलट्या दिशेने उतरवत गावापर्यंत आणायची तयारी ठेवा.

नागरिकत्वासाठी शोधत असाल तर लग्न झालं होतं की नाही हाच मुद्दा कळीचा असतो. जर्मन वडील, परदेशी आई, लग्न नाही आणि जन्म १ जुलै १९९३ च्या आधीचा, तर मुलाला नागरिकत्व मिळत नव्हतं. आता अशांपैकी २३ मे १९४९ नंतर जन्मलेल्यांना नुसतं घोषणापत्र भरून ते घेता येतं, पण वडिलांनी पितृत्व कायदेशीररीत्या मान्य केलेलं असावं लागतं, आणि मुदत १९ ऑगस्ट २०३१ पर्यंतच आहे. कचेऱ्यांची उत्तरं यायला महिनोन्महिने लागतात, त्यामुळे ते रजिस्टरचं पान मागवायचं ईमेल या आठवड्यातच जाऊ दे, जर्मनमध्ये, चार ओळींचं, एका ईमेलमध्ये एकच मागणी, आणि शेवटी फी किती ते विचारलेलं.