लेथची मोटर पुन्हा पुन्हा जळते? या चुका टाळा

मोटर जळाली की पहिला फोन रिवाइंडिंगवाल्याला जातो. मोटर भरून येते, बसते आणि दोन महिन्यांत शेडमध्ये पुन्हा तोच वास. कारण दोष बहुतेक वेळा मोटरच्या बाहेर असतो.

म्हणून जुनं वाइंडिंग काढून टाकण्याआधी नीट बघा. स्टार जोडणीच्या (तिन्ही कॉइलची एकेक टोकं एकत्र जोडलेल्या) मोटरमध्ये दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरीच्या कोऱ्या, किंवा डेल्टामध्ये (कॉइल एकीला एक जोडून त्रिकोण केलेल्या) एकाच फेजच्या काळ्या, असं दिसलं तर मोटर एक फेज गेल्यामुळे जळाली आहे. तिन्ही सारख्याच करपल्या असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा जाळीत लोखंडाचा कीस अडकून बंद झालेली पंख्याची हवा, यांपैकी काहीतरी.

सगळ्यात महागात पडते ती टेस्टरवरची भिस्त. 'तिन्ही वायरींवर टेस्टर पेटतोय, फेज आहेत' असं म्हणून मोटर चालू केली जाते. फेज वाटेत तुटली तरी वाइंडिंगमधून फिरून आलेलं व्होल्टेज टेस्टर पेटवतं. मल्टीमीटरही फसवतो, कारण फिरती मोटर तुटलेल्या फेजवर स्वतःच बरंच व्होल्टेज तयार करते. खरं काय ते करंट सांगतो. चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) जॉब न लावता मोटर चालवा आणि क्लॅम्प मीटरमध्ये, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरमध्ये, एकेक वायर घ्या. तिन्ही एकदम घेतल्या तर आकडा शून्याजवळच येणार. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एकीत शून्य आणि उरलेल्या दोनमध्ये वाढलेला करंट दिसला, तर मोटर लगेच बंद करा.

मग मेन स्विच पाडून शोध घ्या: किटकॅट फ्यूजची ढिली पकड, काळवंडलेला लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा), कॉन्टॅक्टरचा, म्हणजे स्टार्टरमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा, जळका पॉइंट. बारीक लोखंडी कीस आणि कूलंटचा चिकटा स्टार्टरमध्ये शिरतो, तिथेच बहुतेक वेळा घोळ सापडतो. कॉन्टॅक्टवर शंका असेल तर वायरमनकडून चालू लोडवर त्याच पोलच्या (एका फेजच्या कॉन्टॅक्टच्या) वर-खाली मल्टीमीटरचे प्रोब लावून घ्या. चांगल्या कॉन्टॅक्टवर अर्धा व्होल्टसुद्धा दिसत नाही. हे 415 व्होल्टचं काम आहे, हौशी हाताचं नाही.

ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग) ट्रिप होतो म्हणून त्याची चकती शेवटपर्यंत फिरवून ठेवणं ही दुसरी सवय. डीओएल (मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरइतकाच लावायचा. 3 एचपी, 415 व्होल्टच्या मोटरला तो साधारण 4.5 ते 5 अँपिअर असतो. आटे पाडताना दर फेरीला चालत्या मोटरला उलट फिरवलं की पूर्ण लोडच्या सहापट किंवा त्याहून जास्त करंट ओढला जातो, आणि रिले ट्रिप होतो तो त्यामुळेच. स्पिंडल थांबू द्या, मग रिव्हर्स घ्या. पट्टा फार ताणला असेल तर बेअरिंग गरम होतं आणि करंटही चढतो.

कॉन्टॅक्टर कडकड वाजतो तेव्हा काहीजण त्यात काडी खोचून तो दाबून ठेवतात. असं कधीही करू नका. लाइट जाऊन परत आली की लेथ आपोआप सुरू होईल, आणि तेव्हा टर्नरचा हात चकमध्ये असू शकतो. कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतंय का ते बघा, मॅग्नेटचे तोंड पुसून घ्या आणि त्यावरची तांब्याची रिंग तुटलेली नाही ना ते तपासा.

भरून आलेली मोटर जोडताना नेमप्लेटवरची जोडणी वाचा. स्टारची मोटर डेल्टात जोडली तर काही मिनिटांत तापते. डेल्टाची स्टारमध्ये जोडली तर जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि कट घेताना ती अडून थांबते. जोडण्याआधी वायरी सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) बॉडीशी इन्सुलेशन मोजा. 1 मेगओहमच्या खाली असेल तर आधी वाइंडिंग वाळवा.

पहिल्यांदा चालू करताना चक काढून ठेवा. दोन फेज उलट लागल्या तर स्पिंडल उलटा फिरतो, आणि आट्यांवर बसणारा चक झटक्याने सुटून निघतो. खांबावर महावितरणचं काम झालं असेल, त्या दिवशीही आधी फिरण्याची दिशा बघा. उलटी असेल तर कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा.