मुलांना नाचता नाचता चित्रकार कसे दाखवायचे

चित्रकार दाखवायचा म्हटलं की आपण आधी नाव सांगतो, मग जन्मसाल, मग चित्र, आणि तोवर पोरं जांभया द्यायला लागतात. हे उलटं करा. आधी गाणं, मग नाच, आणि घाम वाळायच्या आत चित्र समोर धरायचं. नाव सगळ्यात शेवटी. मी बडोद्यात आमच्या सोसायटीतल्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांबरोबर रविवारी हे करते, त्यावरून सांगतेय.

लागतं काय, तर एक स्पीकर, मोकळी खोली आणि चित्राची मोठी कलर प्रिंट. मोबाइलवर दाखवू नका प्लीज, सगळी डोकी एका स्क्रीनवर आदळतात आणि चित्र कुणालाच दिसत नाही.

सुरुवात फ्रेंच चित्रकार मातीसच्या ‘डान्स’ या चित्रापासून करा. आपल्या मुलांना नवरात्रात भोंडलाही असतो आणि रात्री गरबाही, त्यामुळे गोल फिरणं अंगातच असतं. पण गरब्यात हात सुटे असतात आणि मातीसच्या चित्रात धरलेले, म्हणून इथे भोंडल्याचा फेर घ्या. पाचच जण, हात घट्ट, आधी हळू, मग गाणं फास्ट करत न्या. कुणाचा तरी हात सुटतोच, तिथेच गाणं बंद करा आणि सगळ्यांना आहेत तसं थांबायला सांगा, मग प्रिंट दाखवा. निळं आभाळ, हिरवी जमीन, लाल अंगाचे पाच जण. विचारा, यांचा हात कुठे सुटलाय? मुलं बरोबर शोधतात, पुढच्या बाजूला, आणि पुढची बाई तो पकडायला अख्खं अंग ताणतेय हेही तीच सांगतात, कारण दोन मिनिटांपूर्वी त्यांनी तेच केलेलं असतं. मग सांगा की आंरी मातीसने हे १९१० मध्ये मॉस्कोच्या एका व्यापाऱ्याच्या घरातल्या जिन्यासाठी रंगवलं. मूळ चित्र जवळजवळ तेरा फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच आहे, खडूने भिंतीवर किंवा अंगणात मापून दाखवा, हे अजिबात चुकवू नका.

पुढच्या रविवारी डच चित्रकार मोंद्रियान, त्याचं ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ हे चित्र. अमेरिकन बूगी-वूगी पियानो लावा, त्यात डावा हात एकच ठेका धरून बसतो आणि उजवा मनाला येईल तसा उड्या मारतो. मुलांना लाद्यांवरून चालवा, सरळ किंवा काटकोनात, तिरकं नाही. पियानोने उडी मारली की लादीवर टाळी. पीट मोंद्रियान युद्धामुळे १९४० मध्ये न्यूयॉर्कला गेला, तिथे हे संगीत त्याला फार आवडलं, नाचायचाही तो हौसेने. त्याच्या आधीच्या चित्रांत काळ्या जाड रेघा असायच्या, १९४२-४३ च्या या चित्रात त्या गेल्या आणि पिवळ्या रेघांवर छोटे लाल, निळे, करडे चौकोन आले. मुलांना ते रस्त्यावरच्या गाड्यांसारखे वाटले तर वाटू द्या.

फ्रेंच चित्रकार देगा मुलं दमली की घ्या. त्याच्या कितीतरी बॅले नाचणाऱ्या मुली बाकावर बसून पाय चोळत असतात, ते लगेच पटतं.

आणि आपल्याकडे बडोद्यात कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक, असताना तिथे गेलो नाही तर काय उपयोग! नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथे चार भिंती रंगवल्या, त्यातली एक ‘नटीर पूजा’. राजाने बंदी घातलेली असताना बुद्धाच्या स्तूपासमोर नाचणारी नटी, रवींद्रनाथांच्या नाटकातली. १९२६ मध्ये शांतिनिकेतनात ती भूमिका नंदलालबाबूंच्याच मुलीने, गौरीने केली होती. जायच्या आधी घरी मुलांना ओढण्या, कागदी बांगड्या, माळा घाला, संथ तबला लावा आणि नाचता नाचता दर समेला एकेक दागिना खाली ठेवायला सांगा, बोलायचं नाही. नटी दागिने का काढतेय हे नंतर सांगा. आमच्याकडे एवढ्या गडबड करणाऱ्या मुली एकदम गप्प झाल्या होत्या. मंदिर उघडं आहे का ते आधी विचारून घ्या आणि तिथे गेल्यावर मुलांना भिंतीसमोर खाली बसू द्या.

तिथेच मीरेची भिंतही आहे, तिच्यासाठी गाणं मी निवडत नाही. ज्याच्या घरी आजी मीरेचं भजन म्हणते तो मुलगा ते शिकून येतो आणि बाकीचे त्याच्यावर नाचतात.