खंड पडल्यानंतर पुन्हा जिममध्ये: वजन किती घ्यावे, कधी वाढवावे

पुण्यात जिमला खंड पडतो तो बहुधा पावसाळ्यात. पाठोपाठ गणपती, नवरात्र आणि दिवाळी येते आणि व्यायामाच्या वहीतली शेवटची नोंद जूनमधली निघते. परतल्यावर बहुतेकांची पहिली चूक म्हणजे त्याच नोंदीतला आकडा पाहून बारला तेवढ्याच प्लेट चढवणे. मीही एकदा दोन महिन्यांच्या खंडानंतर जुन्याच वजनाच्या बैठका मारल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी तीन मजले कठडा धरून, आडवा होत उतरलो होतो.

खंड पडला की शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने मागे जात नाहीत. दमसास आधी घटतो, दोन-तीन आठवड्यांतच फरक जाणवू लागतो. ताकद त्यामानाने अधिक काळ टिकते आणि गेलेला स्नायू पहिल्यांदा कमावताना लागला त्याहून लवकर परत येतो. मात्र स्नायू हाडांशी जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश बळकट होतात. म्हणून मला पहिल्या आठवड्यापेक्षा तिसरा-चौथा आठवडा अधिक जोखमीचा वाटतो, कारण तेव्हा स्नायू तयार झालेले असतात, उत्साह वाढलेला असतो आणि खांदा किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा अजून मागेच असते.

दोन-तीन महिन्यांचा खंड असेल तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, आठवड्यातून तीनच दिवस जावे. दहा मिनिटे अंग गरम करून प्रत्येक व्यायामाला जुन्याच्या निम्मे वजन घ्यावे आणि दोनच सेट करावेत. दहा वेळा उचलून झाल्यावर आणखी चार-पाच वेळा सहज उचलता आले असते असे वाटले, तर वजन बरोबर आहे. शेजारचा कितीही उचलत असला तरी तिकडे पाहू नये, हे सांगणे सोपे आहे, याची मला कल्पना आहे.

मधल्या दिवशी चालावे. सारसबागेच्या सपाट वाटेवर, शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता येतील पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग पुरेसा असतो. पर्वतीच्या 103 पायऱ्यांचा मोह थोडा आवरावा. चढताना धाप लागते म्हणून आपण चढणीलाच भितो, पण मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरताना, कारण प्रत्येक पायरीवर मांडीचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार सावरून धरतो आणि स्नायूला सवय नसलेले हेच काम सर्वांत जड जाते. पर्वतीला जायचेच असेल तर तिसऱ्या आठवड्यात एकदाच चढावे आणि उतरताना घाई करू नये.

अंग धरणे साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि हालचाल केली की थोडे सैल होते. त्यासाठी व्यायाम थांबवण्याचे कारण नाही. सांध्यात एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी तीक्ष्ण कळ येत असेल, तर मात्र तो व्यायाम त्या दिवसापुरता सोडावा. स्नायू खूप सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा छातीत दुखले वा चक्कर आली, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. खंड डेंग्यूसारख्या आजारामुळे पडला असेल, तर पुन्हा कधी सुरू करावे हेही त्यांनाच विचारावे.

तिसऱ्या आठवड्यापासून एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: या आठवड्यात एक सेट, पुढच्या आठवड्यात बारच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. सुरुवातीला तेवढे जमले नाही तरी चालेल, महिन्याभरात तिथवर यावे. वहीतला जूनचा आकडा सहा-आठ आठवडे उघडूनही पाहू नये, नवीन नोंदी कोऱ्या पानावर कराव्यात आणि वजनाच्या शेजारी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कसे वाटले तेही लिहावे.