गाड्यांच्या सर्वेक्षणातला क्रमांक कसा वाचावा

आपली गाडी यादीत तळाला दिसली की मालक चिडतात, वर दिसली की खूश होतात. त्याआधी सर्वेक्षणाने नेमकं काय मोजलंय ते बघा. गाडीमालकांची सर्वेक्षणं घेणाऱ्या जे. डी. पॉवर या अमेरिकन कंपनीच्या इनिशियल क्वालिटी (सुरुवातीचा दर्जा) सर्वेक्षणात नव्या गाडीचे पहिले 90 दिवस धरतात, तर डिपेंडेबिलिटीच्या (गाडीच्या भरवशाच्या) सर्वेक्षणात 3 वर्षं जुन्या गाड्या. दोन्हींत आकडा दर 100 गाड्यांमागच्या तक्रारींचा, म्हणजे कमी तितका चांगला. सर्व्हिसच्या समाधानाचे गुण मात्र 1000 पैकी असतात आणि तिथे जास्त तितके चांगले. पुष्कळांची गफलत इथेच होते.

मग क्रमांक सोडून फरक बघा. एकीला 180, दुसरीला 190. यादीत मधे चार-पाच नावं असू शकतात, पण प्रत्यक्षात गाडीमागे 1.8 आणि 1.9 तक्रारी. एवढ्यावरून गाडी विकायला काढू नका.

तक्रार म्हणजे बिघाडच असंही नाही. फोन ब्लूटूथला न जुळणं आणि गिअरबॉक्स निकामी होणं, मोजणीत दोन्ही एकेकच! म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, इन्फोटेनमेंट (स्क्रीन, गाणी, फोनची जोडणी) असे विभागवार आकडे मिळाले तर तेच आधी वाचा. ब्रँडच्या क्रमांकात त्याची वेगवेगळी मॉडेलं एकत्र आलेली असतात, तेव्हा आपलं मॉडेल आणि उत्पादन वर्ष वेगळं शोधा.

स्वतः फॉर्म भरताना सर्व्हिस सेंटरच्या आग्रहाखातर पूर्ण गुण देऊ नका. काम राहिलं असेल तर जॉब कार्डाचा नंबर, किलोमीटर आणि आवाज नेमका कधी येतो, थंड इंजिनला की ब्रेक दाबल्यावर, हे लिहा.