चक्रफूल अख्खंच घ्या
चक्रफुलाची पूड विकत घेऊ नका, अख्खं घ्या. नाव फूल असलं तरी हे सुकवलेलं फळ. एक पाकळी नखाने मोडून हुंगा: बडीशेपेसारखा गोड, दाट वास यायला हवा. तो ॲनेथोल या सुगंधी घटकाचा. वास मंद, तर माल जुना.

याच्यासारखंच दिसणारं जपानी चक्रफूल मात्र विषारी. पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. नुसत्या नजरेने फरक कळणं कठीण, पूड केल्यावर तर अशक्यच. म्हणून माल खात्रीचा हवा. आणि पोट दुखतंय म्हणून तान्ह्या बाळाला याचा काढा कधीही, अगदी चमचाभरही, देऊ नका.

फ्लूवरच्या ओसेल्टामिविर या औषधासाठी लागणारं शिकिमिक आम्ल चक्रफुलातून काढतात हे खरं, पण काढा म्हणजे ते औषध नव्हे.